यंदा गुरू धर

पुणे,
१२ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

वर्षभर ग्रह बघायचे तर सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. माझं उत्तर एकच: यंदा गुरू धर. शुक्र, मंगळ, बुध तिघेही सध्या सूर्याच्या पलीकडे आहेत आणि शनी संध्याकाळीच पश्चिमेला कललेला असतो. गुरूची मात्र परवा, १० तारखेला प्रतियुती झाली, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला आला. सूर्य मावळायच्या सुमारास तो उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो.

आठ वाजता गच्चीवर जा, पूर्वेकडे तोंड कर. मृगाच्या खाली डावीकडे ठळक, न लुकलुकणारा दिसेल, तोच. त्याच्या डाव्या हाताला पुनर्वसूचे दोन तारे आहेत. वहीत या तिघांची आकृती काढ आणि दर पंधरवड्याला पुन्हा काढ. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गुरू ताऱ्यांमधून पश्चिमेकडे सरकेल, मग थबकून पुन्हा पूर्वेकडे वळेल. वक्री म्हणतात ते हे पश्चिमेकडे सरकणंच. आपली एसटी बैलगाडीला ओलांडते तेव्हा ती गाडी मागे गेल्यासारखी वाटते ना, तसंच. पृथ्वी आतल्या कक्षेतून गुरूला मागे टाकत असते. पत्रिकेतल्या या शब्दाची लोकांनी इतकी धास्ती घेतलेली असते, की तो स्वतःच्या वहीत उतरलेला पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

तुझी पक्षी बघायची दुर्बीण कठड्यावर टेकवून गुरूवर लाव. दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने पाहिलेले चंद्र ते हेच. चारही दरवेळी दिसतीलच असं नाही, एखादा गुरूच्या आड असतो. दुसऱ्या रात्री बघ, जागा बदललेल्या असतील.

९ जूनच्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू अगदी शेजारी येतील. हात लांब करून दोन बोटं धरलीस तर दोघे त्याआड झाकले जातील. तोवर पाऊस दाराशी असेल, म्हणून मेअखेरपासूनच लक्ष ठेव. जुलैअखेर गुरू सूर्याआड जाईल. पाऊस सरला की शनीची पाळी: ४ ऑक्टोबरला त्याची प्रतियुती आहे, कोजागिरीला दूध आटवताना तो छान वर आलेला असेल.

आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू सिंह राशीतल्या मघा ताऱ्याच्या आसपास, शेजारी लालसर मंगळ! मंगळ असा साधारण सव्वीस महिन्यांनीच तेजस्वी होतो. गुरू वर्षाला सुमारे एक रास चालतो, बारा वर्षांनी सिंहेत परततो. तुझ्या नाशकातले २००३, २०१५ आणि आता २०२७ चे सिंहस्थ याच चालीवर ठरलेत. तुम्हां नाशिककरांनी तो गुरू डोळ्यांनी बघायलाच हवा.

फेब्रुवारीत मी येतो. त्र्यंबकच्या वाटेवर, शहराचा उजेड पोचणार नाही अशी जागा हेरून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश