आजीची भूक आणि तुझा पट्टा

दहिवडी, ता. माण, जि. सातारा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे बोलायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तू "हो अण्णा, बघतो" म्हणालास आणि विषय तिथंच राहिला. फोनवर माझा आवाज चढतो आणि तुला वाटतं मी रागावलोय. म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच, सुट्टीच्या दिवशी वाचलंस तरी चालेल.

चैत्रात आपण शिखर शिंगणापूरला गेलो तेव्हा तू अर्ध्या पायऱ्यांवर बसलास. "ऊन लागतंय" म्हणालास. ऊन होतंच. पण तू छातीवर हात ठेवून श्वास घेत होतास आणि तुझे ओठ पांढरे पडले होते, ते मी पाहिलं. याच पायऱ्या तू आठ-नऊ वर्षांचा असताना माझ्या पुढं धावत चढायचास आणि वर उभा राहून "अण्णा, या की" म्हणून ओरडायचास. आता तू सव्वीसचा आहेस. त्या रात्री कपडे आवरताना तुझ्या आईच्या हाती तुझा पट्टा लागला. शेवटच्या भोकाच्या पुढं खिळ्यानं आणखी एक भोक पाडलेलं होतं. तिनं तो आणून माझ्या पुढ्यात ठेवला. बोलली काहीच नाही.

नंतर तू कंपनीतल्या तपासणीचा कागद पाठवलास. वजन ९१, उपाशीपोटी साखर ११२, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.१, यकृतावर चरबी. खाली लिहिलंस, "फार काही नाही, बॉर्डरवर आहे." उपाशीपोटी साखर शंभरच्या आत हवी, १२६ झाली की मधुमेह. तू मधे उभा आहेस. मी त्या मधल्या जागेतून कधी पुढं सरकलो ते मला कळलंच नाही, कारण मला कुणी वेळेवर तपासलं नव्हतं. तुला तपासलंय. म्हणून मी जागा झालोय, आणि तूही व्हावंस असं मला फार वाटतं.

तू एकदा विचारलं होतंस, "अण्णा, तुम्ही तर काडी आहात, तुम्हाला कशी काय शुगर झाली?" तेव्हा मी हसून सोडून दिलं. त्याचं उत्तर आज देतो. ते तुझ्या आजीपासून सुरू होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आजी पाझर तलावाच्या कामावर होती. मी पोटात होतो. दिवसभर पाटीनं माती वाहायची, दुपारी सुकडी मिळायची, घरी आल्यावर लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी. ती भाकरी ओल्या हातानं थापली तरी मोडायची, असं ती सांगायची. तेवढ्यातूनही ती थोरल्या काकांसाठी राखून ठेवायची. १९७३ च्या माघात मी जन्मलो. माझं वजन कुणी केलं नाही. "मुठीएवढा होतास" एवढंच आजीला आठवायचं. सव्वा महिनाही सरला नव्हता, ती पुन्हा पाटी घेऊन उभी राहिली.

मला एक्केचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांनी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल सांगितलं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी पडलं होतं ते स्नायू आणि अवयवांचं वजन. कातडीखालची चरबी त्या मानानं शाबूत होती. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर हातचं राखायला शिकतं, ते असं. याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. उंची-वजनाच्या हिशेबात (बीएमआय) दोघांचा आकडा एकच, २२.३. दोघेही दिसायला बारीक. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. मला आजीच आठवत होती. म्हणून तर आपल्या लोकांसाठी वजनाच्या रेषा अलीकडे ओढल्या आहेत: उंची-वजनाचा आकडा २३ च्या वर गेला की जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा, आणि पुरुषाचं पोट ९० सेंटिमीटरच्या आत. तुझा आकडा मी वहीत काढला. तीसच्या वर आहे.

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत कापडात बांधलेले वाळल्या भाकरीचे तुकडे सापडले होते, आठवतंय? घरात दोन पोती गहू असतानाही ती ते ठेवायची. ती भूक माझ्या हातात उतरली, असं मला आता वाटतं. तू जेवायला बसलास की मी न विचारता आणखी वाढायचो. "ताटात टाकायचं नाही" हा आपल्या घरातला नियम मी केला. पोट भरलं म्हणून तू हात थांबवलास की मी "एवढंच? अजून एक घास" म्हणायचो. पोट भरल्याची खूण तुझ्या शरीराला कळत होती, ती मी मोडली. तेव्हा मला ती माया वाटायची. आता नियम मागं घेतो. पोट भरलं की ताटात राहिलं तरी ऊठ. पुढच्या वेळी कमी वाढून घे.

दुसरी चूक मला जास्त सलते. तू नववीत कबड्डीत तालुक्याला गेला होतास. तुझी चढाई बघायला शेजारच्या गावची पोरं यायची. दहावीचं वर्ष आलं आणि मी मैदान बंद केलं. सकाळी क्लास, दुपारी शाळा, रात्री पुन्हा क्लास. मी स्वतः मास्तर, तरी मला कळलं नाही की मी तुझ्या अंगातले स्नायू काढून घेतोय. अकरावीला दोन किलोमीटरच्या कॉलेजसाठी गाडी घेऊन दिली, कारण शेजाऱ्यांनी पोराला दिली होती. तू चालायचा थांबलास तो तिथं. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो, मनापासून.

आता माझ्या वर्गातही तेच दिसतं. तीस वर्षांपूर्वी पोरांची वजनं घेताना मी फक्त कमी वजनाच्या नावांखाली रेघ ओढायचो. आता जादा वजनाच्या नावांखालीही ओढावी लागते. मधल्या सुट्टीत पाच रुपयांची तेलकट, खारट पुडी हातात. शेंगा, बोरं, हरभऱ्याचा डहाळा आणणारं पोर वर्षाकाठी एखादं. संध्याकाळी पटांगण रिकामं आणि ओट्यावर चार पोरं एका मोबाइलवर वाकलेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे २०.६ आणि १८.९ होते. आणि त्याच २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. लोकांना या दोन गोष्टी उलट वाटतात. मला तर ती एकच गोष्ट वाटते. आज कमी वजनाचं असलेलं हेच पोर उद्या शहरात जाईल, खुर्चीत बसेल, आणि त्याचं राखून ठेवायला शिकलेलं शरीर ती पुडी पोटावर साठवेल.

तुझा दिवस मला ठाऊक आहे. हिंजवडीच्या रस्त्यावर जाताना दीड तास, येताना दीड तास. दुपारी सुरू झालेलं काम रात्री अकराला संपतं. मग बारा वाजता मोबाइलवरून मागवलेलं जेवण, बहुतेक मैद्याचं आणि चीजचं, सोबत थंड पेयाची बाटली, आणि दोन वाजेपर्यंत डोळ्यांपुढं उजेड. यात तू आळशी आहेस असं मी म्हणत नाही. असा दिवस कुणालाही लठ्ठ करील. झोप कमी झाली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. तेव्हा मध्यरात्री काहीतरी चमचमीत खावंसं वाटणं हा तुझ्या स्वभावातला दोष धरू नकोस. पण बाटलीचं मात्र ऐक. तीनशे मिलीच्या थंड पेयात जवळपास आठ चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभराची वरून घातलेली साखर सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. तुझा सगळा दिवस त्या एका बाटलीतच संपतो. बाकी काही जमलं नाही तरी ती आजपासून बंद कर.

आईला तू वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाबद्दल विचारलंस म्हणे. डॉक्टरांनी तपासून दिलं तर जरूर घे, त्यात कमीपणा नाही. मित्राच्या सांगण्यावरून किंवा जिममधल्या कुणाच्या ओळखीनं मात्र घेऊ नकोस. आणि महिन्यात पंधरा किलो उतरवणाऱ्या पावडरींच्या नादी लागू नकोस. त्यात चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि आपल्याकडे मुळात तेच कमी आहेत.

मला सगळ्यात धीर आला तो चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासानं. २००६ साली तो छापून आला. साखर तुझ्यासारखी मधल्या जागेत असलेली आपल्याच देशातली ५३१ माणसं त्यांनी घेतली. ज्यांना नुसताच नेहमीचा सल्ला दिला, त्यांतल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज चालायला आणि खाणं सुधारायला लावून पाठपुरावा केला, त्यांत ३९ जणांना. आणि त्यांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं! म्हणजे काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात सोडून द्यायचं नाही. आत काहीतरी सुधारत असतं. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. शतपावली म्हणतो आपण ती. तुझे पणजोबा रोज घालायचे, आणि आपण ती म्हाताऱ्यांची खोड समजून सोडून दिली.

तू ललिता बाबरसारखं धावावंस असं मी म्हणत नाही. (तरी सांगतो, आपल्याच तालुक्यातल्या मोहीची पोर २०१६ ला रिओत ऑलिंपिकची अंतिम फेरी धावली, हे आठवलं की अजून माझी छाती भरून येते.) तू फक्त जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल. सकाळी उठल्यावर सूर्यनमस्कार घाल, पहिल्या आठवड्यात तीन, मग पाच. बैठका तुला येतातच. रविवारी जवळपास कुठं कबड्डीचा सराव चालत असेल तर नुसता बघायला जा. बघता बघता पाय आपोआप आत जातील, मला ठाऊक आहे तुझं.

रात्रीचं जेवण नऊच्या सुट्टीत ऑफिसातच घे, डबा नेऊन. बारा वाजता भूक लागली तर ताक नाहीतर मूठभर फुटाणे. यासोबत आईनं हुलग्याचं पीठ आणि बाजरीचं पीठ पाठवलंय. माडगं दहा मिनिटांत होतं. तुझ्या खोलीवरच्या मित्रांनाही दे, थंडी-सर्दीला बरं असतं. पिठाच्या पिशवीखाली शिंप्याची मोजपट्टी आहे. बेंबीपाशी पट्टी घाल, श्वास सोडून, पोट आत न ओढता. महिन्यातून एकदा आकडा मला कळव. वजनाचा नको, कमरेचा. कमी झाला नसेल तरी कळव, मी एक शब्दही बोलणार नाही.

आणि कुणी 'जाड्या' म्हणून हसलं, तर मनाला लावून घेऊन उपाशी राहू नकोस. गेल्या दिवाळीत तुझ्या मामांनी सगळ्यांपुढं तुझ्या पोटावर चापट मारली, तेव्हा तू हसलास आणि नंतर जेवलाच नाहीस. मी तिथंच बसलो होतो. मी त्यांना थांबवायला हवं होतं. आता सांगितलंय त्यांना.

मीही सुरू केलंय. रोज रात्री जेवून आई आणि मी कॅनॉलच्या रस्त्यानं वडापर्यंत जाऊन येतो. माझी परवाची साखर जेवणानंतर १५८ आली, गेल्या महिन्यात २१० होती. तुझी जेवणाची सुट्टी नऊला असते ना? सव्वानऊला मी फोन करीन. खुर्चीवरून उठून बाहेर ये आणि चालत बोल. आम्हीही चालतच असू.

तुझे,
अण्णा

ता. क. आई म्हणते, बाजरीचं पीठ लवकर कडू पडतं, फ्रिजमध्ये ठेव आणि पंधरा दिवसांत संपव. संपलं की सांग, गिरणी आता आमच्या रस्त्यावरच आहे.