कणकेचा गोळा आणि एमजीबी: काकांना जाहीर आभारपत्र

ती. काकांस,
लेस्टरहून सा. न. वि. वि.

गाडीचं सस्पेन्शन नीट करायला शिकवल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘बरं, हवा काय म्हणतेय तिकडची?’ असं विचारून मोकळे होता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये जुन्या गाड्यांचा नाद असलेली आपली मंडळी आता बरीच झाली आहेत, त्यांच्याही ते नजरेस पडावं एवढा स्वार्थ त्यात आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९७२ची, क्रोम बंपरवाली, ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. आधीच्या मालकाने ती ट्रॅकसाठी ‘तयार’ केली होती: पुढे कडक स्प्रिंग, मागे जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडी कमी झुकावी म्हणून लावलेली सळई), आणि मागचा एक्सल व पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) यांच्यामध्ये ठोकळे घालून मागची बाजू चांगलीच खाली आणलेली. दिसायला झक्कास. पण मॅलरी पार्क या शर्यतीच्या ट्रॅकवरचं जेरार्ड्स म्हणजे उजवीकडे वळतच राहणारं लांबलचक वळण, गाडी तिथे बराच वेळ एकाच कुशीवर झुकून असते. अर्ध्या वळणापर्यंत सगळं सुरळीत, आणि मग काही कळायच्या आत शेपूट बाहेर. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या तळावर, ज्याला विचारावं तो काहीतरी विकत घ्यायला सांगायचा. आणखी कडक स्प्रिंग घे, टेलिस्कोपिक शॉक (नळीसारखे धक्काशोषक) लाव, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक जागच्या जागी फिरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) बसव.

तुम्ही काकूंकडे कणीक मागितलीत.

लिंबाएवढे दोन गोळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या एक्सलवर, दोन्ही बाजूंना बंप रबरच्या (एक्सल फार वर आला की ज्यावर टेकतो त्या रबरी गादीच्या) बरोबर खाली चिकटवायला लावलेत आणि म्हणालात, “जा. मुद्दाम जोरात नको, नेहमी चालवतेस तशीच चालव.” परत आले तेव्हा डाव्या गोळ्याचा पापड झाला होता, उजवा जसाच्या तसा. गाडी डावीकडे झुकली की त्या बाजूचा एक्सल बंप रबरला टेकत होता. टेकेपर्यंत पाटे आपलं काम करत होते. टेकल्याक्षणी मागची बाजू एकदम ताठ व्हायची, बाहेरच्या टायरवर भार झटक्यात चढायचा आणि तो पकड सोडायचा. आणखी कडक स्प्रिंगने हे दुखणं नुसतं झाकलं गेलं असतं. ठोकळे निघाले. मागचा बारही निघाला, आणि त्याचा फायदा शॉज हेअरपिन या अगदी घट्ट वळणाला दिसला. तिथे आतलं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरायचं आणि साधं डिफरन्शियल सगळा जोर त्या फिरणाऱ्या चाकातच वाया घालवायचं. आता ते चाक जमीन धरतं. लिमिटेड स्लिपसाठी बाजूला काढलेले पैसे अजून बाजूलाच आहेत.

मग पुढची बाजू. एमजीबीला पुढे वरची विशबोन (चाक धरणारी त्रिकोणी दांडी) अशी वेगळी नसतेच, लिव्हर-आर्म डॅम्परचे (जुन्या पद्धतीच्या, तेल भरलेल्या धक्काशोषकाचे) हातच ते काम करतात. म्हणजे टेलिस्कोपिक शॉक लावले तरी जुना डॅम्पर जागेवर राहणारच, आणि त्याचं बेअरिंग झिजलेलं असेल तर चाकाचा कल प्रत्येक वळणाला थोडा थोडा हलत राहणार. हे पॅडॉकमधल्या एकानेही सांगितलं नव्हतं. तुम्ही दोन्ही डॅम्पर काढायला लावलेत, व्हाइसमध्ये उभे धरून थोडं घट्ट तेल भरायला लावलंत, आणि हात सावकाश वर-खाली करायला सांगितलंत. मध्येच हात पोकळ जातो, तिथे हवा अडकलेली असते. ते माझ्या बोटांना कळायला वेळ लागला. तुम्ही तिकडे पाठ करून चहा पीत होतात आणि नुसत्या आवाजावरून “अजून आहे” म्हणत होतात. खालच्या विशबोनचे चेपलेले रबरी बुश काढून एमजीबीच्याच जीटी व्ही८ मॉडेलचे बुशही त्याच वेळी घातले.

कँबरचं काम मला सगळ्यात आवडलं. कारखान्याच्या पुस्तकात पुढच्या चाकांना १ अंश पॉझिटिव्ह कँबर दिलाय, म्हणजे चाकांचे माथे जरासे बाहेर कललेले. रस्त्यावर चालून जातं. ट्रॅकवर गाडी झुकली की बाहेरचं चाक आणखी बाहेर कलतं आणि टायरची फक्त बाहेरची कड राबते. ट्रॅकवरून आत येताच, टायर गार व्हायच्या आत, तुम्ही सुईचा थर्मामीटर रबरात खुपसून आकडे सांगायचात: बाहेर ९१, मध्ये ८२, आत ७०. खालच्या विशबोन किंचित लांब असलेल्या बसवून कँबर १ अंश निगेटिव्हवर आणला, तेव्हा तिन्ही आकडे जवळजवळ आले.

कँबर हलला की टो (चाकांची पुढची टोकं आत वळलेली की बाहेर) हलतोच, म्हणून टो शेवटी. त्यासाठी गाडीभोवती चार स्टँडना दोरा ताणला, स्टीलची पट्टी घेतली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर माझ्याऐवजी २० किलोच्या बासमतीच्या गोण्या ठेवल्या. तीन पुरतील की चार लागतील, हे तुम्ही सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलंत, ते मी विसरलेले नाही. पुस्तकातला दोनेक मिलिमीटर टो-इन काढून चाकं समांतर केली.

काका, यातला एकही नट तुम्ही स्वतः पिळला नाहीत. पाना कायम माझ्या हातात. आयुष्यभर गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम केलेल्या माणसाला बघत बसणं किती जड गेलं असेल, याची मला कल्पना आहे. दोन-तीनदा तुमचा हात पुढे येऊन परत खिशात गेलेला मी पाहिलाय. एका वेळी एकच बदल, तो वहीत लिहायचा, मगच गाडी बाहेर काढायची, यावर तुम्ही अडून राहिलात. पाऊस येत होता तेव्हासुद्धा. तेव्हा राग आला होता.

जेरार्ड्सला शेपूट आजही सुटते, पण आधी सीटमधून सांगून, हळूहळू. स्टिअरिंग थोडं उलटं दिलं की परत जागेवर येते. मागे लागलेल्या गाड्यांना दिसतही नसावं.

आता नवीन तक्रार. हेअरपिनला जोरात ब्रेक मारला की मागचा एक्सल थडथडतो. ब्रेकच्या जोराने पाटे पिळवटत असावेत असा माझा अंदाज आहे. अजून काहीही विकत घेतलेलं नाही. रविवारी गाडी घेऊन येते, तुमचा थर्मामीटरही माझ्याकडेच राहिलाय. आणि वहीतल्या शेवटच्या सेटिंगचं पान दोघांनी मागितलंय. मी ‘काकांना विचारून सांगते’ म्हणाले आहे. देऊ ना? त्यांच्या गाड्या रबर बंपरवाल्या, म्हणजे मुळातच उंच. आकडे जसेच्या तसे उतरवू नका असं वर मोठ्या अक्षरात लिहूनच देईन.

काकूंना सा. न. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
मानलेली पुतणी