विमान कुठे आहे, एवढे तरी सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानाला उशीर झाला म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. माझी नोकरी एसटीत गेली, वाहतूक नियंत्रक म्हणून. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट इथल्या चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना "गाडी लेट आहे" हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. एक गाडी मागे पडली की तिच्या पुढच्या फेऱ्यांचा कसा बोजवारा उडतो, चालक-वाहकाची ड्युटी संपली की दुसरी जोडी कुठून आणायची, हे मला कोणी समजावून सांगायला नको. माझी तक्रार आहे ती उशिराबद्दल प्रवाशाशी जे खोटे बोलले जाते त्याची.

गेल्या महिन्यात नातवाच्या बारशासाठी आम्ही दोघे पुण्याला निघालो होतो. सौ.चे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अजनीहून पुण्याला ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत आहे, पण बारा तास एका जागी बसणे तिला झेपणार नाही, म्हणून मुलीने सोनेगावहून (नागपूरच्या विमानतळाला आम्ही अजून सोनेगावच म्हणतो) रात्री पावणेनऊच्या विमानाची तिकिटे काढली. दोघांना शेजारी बसायचे तर त्याचे पैसे वेगळे लागले. एप्रिल २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाला कंपन्यांना सांगावे लागले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बापाशेजारी जागा द्या. हेही सांगावे लागते! त्या नियमात म्हाताऱ्या नवराबायकोचे काही नव्हते, तेव्हा मुलीने मुकाट्याने पैसे भरले.

सामान देताना सौ.ने ओटीसाठी घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवाव्या लागल्या. सुके खोबरे तेलकट असते, पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानात चालत नाही, असे काउंटरवरच्या माणसाने नीट सांगितले. हातातल्या पिशवीतले मिरचीचे लोणचेही गेले. सौ. हळहळली, पण कारण कळल्यावर आमचा वाद नव्हता. त्या रात्री कारण सांगणारा तो शेवटचा माणूस.

विमान ९.२५ ला सुटेल असा पहिला संदेश आमची गाडी बुटीबोरीच्या आसपास असतानाच आला होता. चाळीस मिनिटे म्हणजे काहीच नाही. पावणेनऊ वाजले तरी फलकावर ९.२५ च होते, आणि आमच्या दारासमोर विमानाचा पत्ता नव्हता. शेजारी इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी बसला होता. कोणते विमान कुठे उडते आहे ते दाखवणारे ॲप त्याच्या मोबाइलवर होते. त्याने आमचे विमान शोधून काढले. ते बेंगळुरूला जमिनीवर उभे होते. बेंगळुरूहून नागपूरला यायलाच पावणेदोन तास लागतात. ते उतरणार, आधीचे प्रवासी उतरणार, सामान काढणार, झाडझूड होणार, मग आम्ही चढणार. कोणत्या गणिताने ते ९.२५ ला सुटणार होते? हे त्या पोराला कळत होते, मला कळत होते. ज्या कंपनीचे विमान, तिला कळत नव्हते यावर मी विश्वास ठेवावा?

मग फलकावर १०.१० झाले. विमान बेंगळुरूलाच. नंतर १०.५०. नंतर साडेअकरा. दरवेळी चाळीस-पन्नास मिनिटांचा एक हप्ता. कारणाच्या जागी 'ऑपरेशनल रिझन्स' एवढेच, तेही फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. दाराशी असलेल्या काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी एकटी होती. तिच्याभोवती दीडशे माणसे. एक तरुण तिच्यावर फारच चढ्या आवाजात बोलू लागला, तेव्हा सौ. बसल्या जागेवरून म्हणाली, "त्या पोरीवर कायले ओरडून रायला बापू? तिले तरी कोन सांगते!" आणि ते अगदी खरे होते. मी पुढे जाऊन तिला विमान बेंगळुरूहून निघाले का एवढेच विचारले. तिने आपला मोबाइल काढला. काचेला तडा गेलेला. त्यात तिने जे उघडले ते प्रवाशांसाठी असलेले कंपनीचे ॲप होते. आम्ही संध्याकाळपासून जे बघत होतो तेच. कंपनीने आपल्या माणसाला प्रवाशाइतकेच अंधारात ठेवून त्याच प्रवाशांच्या तोंडी दिले होते.

आमच्या खिडकीत एक फोन असे. गाडी वेळेवर दिसली नाही की आधी मागच्या आगाराला फोन जायचा: गाडी सुटली का, कितीला सुटली, कोण चालक आहे. तिकडून उत्तर आले की इकडे फळ्यावर खडूने लिहायचे आणि भोंग्यावरून सांगायचे. "यवतमाळहून येणारी गाडी कळंबच्या पुढे बंद पडली आहे, दीड तास लागेल, ज्यांना घाई आहे त्यांनी पैसे परत घेऊन जीपने जावे" इतके उघड सांगितलेले आहे. लोक शिव्या देत, पण पुढे काय करायचे ते ज्याचे तो ठरवी. कोणी घरी जाई, कोणी चहा प्यायला जाई. वाटेत गाडी बंद पडली तर वाहक रस्त्यात उभा राहून मागून येणारी गाडी थांबवतो आणि त्याच तिकिटावर प्रवाशांना तीत बसवून देतो, उभ्याने का होईना. एसटीच्या फुटक्या काचा, फाटकी आसने आणि स्थानकांतली स्वच्छतागृहे यांवर आपल्याच सदरात पत्रे येतात. ती खरी असतात. पण गाडी कुठे आहे हे लपवून ठेवण्यात आमचा काही फायदा नव्हता.

विमान कुठे आहे हे लपवण्यात विमान कंपनीचा मात्र फायदा आहे, अशी माझी शंका आहे. महासंचालनालयाचे नियम मी नंतर नातेवाइकांच्या मुलाकडून काढून घेतले आणि वाचले. आमच्यासारख्या लहान पल्ल्याच्या विमानाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर खाणेपिणे द्यायचे. सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर दुसऱ्या विमानात जागा किंवा पूर्ण पैसे परत, यातले काय हवे ते प्रवाशाने निवडायचे. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर हॉटेल. नियम वाईट नाहीत. पण ते सगळे 'होणार असेल तर' यावर उभे आहेत, आणि किती उशीर होणार हे ठरवणार कंपनी. तिने चाळीस-चाळीस मिनिटांचे हप्ते पाडले की सहा तासांचा उशीर कधी 'होणार' नसतोच. तो होऊन गेल्यावर कळतो. साडेनऊलाच "हे विमान आज जाईल असे दिसत नाही" म्हणाले असते तर आम्ही दहाच्या सुमारास परतीची गाडी धरली असती. आमच्यात एक बाई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन होती, तिचे माहेर धंतोलीत, तिथून अर्ध्या तासावर.

खायला दिले, ते नाकारत नाही. चपटे सँडविच आणि रसाचा छोटा खोका. चहा मात्र दीडशे रुपयांना विकत घेतला. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ पासून दहा रुपयांत चहा मिळतो, म्हणजे विमानतळावर दहा रुपयांत चहा उकळता येतो हे सरकारनेच दाखवून दिले आहे. असो.

सौ.साठी व्हीलचेअर सांगितली होती, ती मिळाली. ती ढकलणारा पोरगा भला होता. पण दहाच्या सुमारास तो हात जोडून आला, "काकाजी, दुसरी फ्लाइट लागली, खुर्ची न्यावी लागते." सौ. तिथून उठून लोखंडी बाकावर बसली, ती शेवटपर्यंत. स्वच्छतागृह बरेच लांब होते, म्हणून तिने पाणी पिणेच सोडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पत्नीला एकुलत्या व्हीलचेअरवर बसवून स्वतः चालत निघाले आणि कोसळून वारले. त्या कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. खुर्च्या किती ठेवायच्या याचा हिशेब त्यानंतर तरी कोणी केला असेल, असे मला वाटले होते.

पावणेएकला विमान रद्द झाल्याचे कळले. बहुधा वैमानिकांची ड्युटी संपली असावी, असे तो विद्यार्थी म्हणाला. खरे काय ते कोणी सांगितले नाही. तसे असेल तर माझी तक्रार नाही. झोप न झालेल्या माणसाच्या हातात मी कधी गाडी दिली नाही आणि कोणी देऊही नये. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची विमाने हजारोंनी रद्द झाली. इतका वेळ हातात असून जोड्यांचा हिशेब जमला नाही! आमच्याकडे आषाढीच्या जादा गाड्यांचे नियोजन असे कोलमडले असते तर विभाग नियंत्रकांनी आम्हाला उभे केले असते. त्या गोंधळात इतर कंपन्यांची भाडी अशी भडकली की सरकारला ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये अशी मर्यादा घालावी लागली. आमच्या रात्रीही तेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या कंपनीचे विमान होते, पण मुलीने फोनवर भाडे सांगितले तेव्हा मीच नको म्हणालो. आमच्या कंपनीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळची जागा देऊ केली. बारसे सकाळी अकराला होते.

पैसे परत मागून आम्ही पहाटे टॅक्सीने वर्धेला आलो. बारसे मोबाइलवर पाहिले.

महासंचालनालयाला आणि नागरी उड्डयन मंत्रालयाला माझे सांगणे एवढेच आहे. आपले राज्यमंत्री पुण्याचे आहेत, त्यांनी तरी ऐकावे. उशीर झाला की फलकावर नव्या वेळेसोबत, येणारे विमान या क्षणी कुठे आहे ते लिहा. मोबाइलवर पोराला दिसते ते फलकावर दिसायला कोणतेही नवे यंत्र लागत नाही. कारण मराठीत सांगा, 'ऑपरेशनल' हे कारण नव्हे. वेळ एकदा बदलली, दोनदा बदलली, की तिसऱ्यांदा बदलताना प्रवाशाला पूर्ण पैसे घेऊन निघून जाण्याची मुभा द्या, सहा तासांची वाट न बघता. आणि शेवटचे विमान सुटेपर्यंत कंपनीचा निर्णय घेऊ शकणारा एक माणूस विमानतळावर हजर ठेवा, त्याचे नाव फलकावर लिहून. प्रत्येक बसस्थानकावर तक्रार पुस्तक असते, ते मागितले की द्यावेच लागते. त्या रात्री लेखी तक्रार करायची म्हटली तर त्या मुलीने एक ईमेल पत्ता दाखवला.

त्याच पत्त्यावर मी लिहिले आहे. तिकिटाचे पैसे परत आले. आयत्या वेळी विमान रद्द केल्यास एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार, यातली जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून द्यावी, असाही नियम आहे. कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे असेल तर मात्र नाही. मी ती भरपाई मागितली. विमान "नियंत्रणाबाहेरील कारणामुळे" रद्द झाले असे उत्तर आले. ते कारण कोणते, हे मी उलट टपाली विचारले आहे आणि पत्राची प्रत महासंचालनालयाला पाठवली आहे. उत्तर आले की कळवीन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, वर्धा