वह्या तपासणारे घर
एका दिवंगत शिक्षकांवरील रविवारच्या पुरवणीतला स्मृतिलेख वाचून मन भरून आले. मात्र त्यांच्या संसाराला त्यात जेमतेम एक ओळ मिळाली, हे खटकले. अध्यापनाचे तास ठरवताना पाठाची तयारी आणि तपासणीही विचारात घ्यावी, असे युनेस्को व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६६ची शिफारस सांगते. हे काम बहुधा घरीच होते. माझे वडीलही शिक्षक. जेवणे आटोपली की ते उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडत, आई गुणांची बेरीज पडताळून पाही आणि आम्ही भावंडे शेजारी गुपचूप अभ्यास करीत असू. असे लेख लिहिताना घरच्यांच्या आठवणीही आवर्जून विचाराव्यात.
– एका शिक्षकाची मुलगी