काकूंची नाडी बघ बे आधी

बंड्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की काकूंना मधेच धडधडतंय, दोन मिनिटात थांबतंय, गॅस असेल. तेव्हापासून डोक्यातनं जाईना, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकल्या असत्या तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

आमच्या अण्णांचं पण असंच चाललेलं. छातीत पाखरू फडफडतंय म्हणायचे, आई ओवा द्यायची. एका ठिकाणी दाखवलं, तर ईसीजी काढेपर्यंत फडफड थांबलेली, पट्टी एकदम क्लीन, अॅसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी. मला अजून राग येतो बे, डॉक्टरचा कमी आणि माझा जास्त. ईसीजी म्हणजे तेवढ्या काही सेकंदांचा फोटो, तेव्हा ठोके नीट असले तर नीटच दिसणार, हे मला नंतर कळलं.

मग संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतनं फिरून आलो, अण्णा चहा पीत होते आणि बशी हातातनं सुटली. उचलायला गेले तर उजवा हात ऐकेना, बोलणं बोबडं. दहा मिनिटात सगळं जिथल्या तिथं, "काय नाही रे, झोप झाली नाही." धाकट्यानं ऐकलं नाही, तसंच गाडीत घातलं. छातीला वायरी लावून 24 तास ठोके नोंदवणारा होल्टर ठेवला, त्यात पहाटे तीनला सापडलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट दाबायचं सोडून नुसते थरथरतात, रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. स्ट्रोकचा धोका साधारण 5 पट! अण्णा आयुष्यभर माग दुरुस्त करणारे जॉबर होते, लांबनं खटखट ऐकून कुठल्या मागाचा धोटा अडकतोय सांगायचे. आता म्हणतात, "आतल्या मागाचं काय ऐकूच आलं नाही बघ."

तर काकूंना पाच मिनिटं शांत बसव. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तुझी दोन बोटं ठेव, अंगठा ठेवू नको, त्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण मिनिट मोज. 60 ते 100 ठीक, पण आकड्यापेक्षा लय बघ. अधनंमधनं एखादा ठोका चुकणं बऱ्याच जणांना असतं, पण एकाचा दुसऱ्याला मेळच नसेल तर डॉक्टर गाठ आणि जमलं तर धडधड चालू असतानाच ईसीजी काढ, नाहीतर होल्टरचं विचार. थायरॉईडचं पण विचार. 1991 मध्ये अमेरिकेचे थोरले बुश राष्ट्राध्यक्ष असताना जॉगिंग करता करता हेच झालेलं, मुळाशी थायरॉईड निघालं.

आणि तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं तर किती वाजले ते बघून ठेव आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात थेट ने. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून अॅस्पिरिन देत बसू नको, रक्तस्रावाचा झटका असला तर उलटंच होईल.

अण्णा आता रक्त पातळ करायच्या गोळीवर आहेत, सकाळी कंबर तलावावर चालतात. मी मात्र नव्या पेठेत टपरीवर चहा प्यायला गेलो की समोरच्याचं मनगट धरतोय, पोरं वैद्यबुवा म्हणायला लागलीत.

शेंगाचटणी बसनं पाठवलीय. रविवारी दहाला फोन करतो, काकूंचा हात धरूनच बस, घड्याळ मी लावतो.

तुझा,
पप्या