मिरजेच्या समुपदेशक ताईंना, जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

कॅन्सरच्या केमोच्या वॉर्डात तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हा वाटलं, आला आणखी एक फॉर्म. पण त्यात भलतंच होतं. उपचारात मन शांत ठेवणं, डॉक्टरांना प्रश्न विचारणं, मनातली भीती बोलून दाखवणं, थट्टामस्करी चालू ठेवणं, अशी एकेक गोष्ट आणि पुढं १ ते ९ आकडे. मुळीच जमणार नाही तर १, पक्की खात्री असेल तर ९.

शेजारी मालक बसलेले. मी आपली आठ-नऊ, आठ-नऊ सांगत सुटले. तुम्ही पेन थांबवलंत आणि त्यांना म्हणालात, "दादा, जरा चहा घेऊन या की." ते जिना उतरले अन् माझे आकडेही उतरले. स्वतःचं स्वतः करण्याचे आठ तेवढे राहिले, ते खरेच होते. भीती बोलून दाखवणं, तीन. डॉक्टरांना विचारणं, एक!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस मर्लुझी यांनी १९९७ मध्ये अशी प्रश्नावली पुढं आणली, आणि तिच्यामागं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा १९७७ चा विचार आहे, हे तुम्ही सांगितलंत. अमुक एक गोष्ट मला जमेल, हा भरवसा मोजायचा. आजार किती हटला ते नव्हे. तो भरवसा सगळ्यात जास्त वाढतो थोडं थोडं करून बघितल्यानं, आणि आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहून. "पॉझिटिव्ह राहा" ऐकून माझे कान किटले होते. तुम्ही ते एकदाही म्हणाला नाहीत.

उलट कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एकच प्रश्न लिहायला लावलात: ताप किती आला की फोन करायचा? डॉक्टर म्हणाले, १००.४ झाला की लगेच, मध्यरात्र असली तरी. एवढं साधं उत्तर, आणि मी ते विचारायला घाबरत होते. मग कवठेमहांकाळच्या, माझ्यासारख्याच पेशंट असलेल्या एका वहिनींशी गाठ घालून दिलीत. त्या तर डॉक्टरांना खर्चाचंही तोंडावर विचारायच्या! पुढच्या खेपेला मी दोन प्रश्न नेले.

ताई, माझी चुलत जाऊ सोमवारी तुमच्याकडं येतेय. सोबत सासूबाई असणार. त्यांना चहा चालत नाही, दुसरं काहीतरी निमित्त काढा.

आपली,
तासगावची एक पेशंट