गोधडीवाल्या मावशींना, कात्री बाजूला ठेवल्याबद्दल

मावशी, नमस्कार. तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये मला, पण तुमची नात हे वाचून दाखवणार आहे, तिला तसं सांगून ठेवलंय. समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही "असू द्या, च्या घ्या" म्हणून विषयच बदलला असता. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितोय, आता कुठं पळाल.

काल ताईचा व्हिडिओ आला जर्मनीहून. आमची भाची पालथी पडली पहिल्यांदा! आणि पालथी पडून, डोकं वर करून, हुंकार देऊनसुद्धा गोधडीवरच राहिली, खाली फरशीवर गेली नाही. आईनं तो व्हिडिओ बघितला, परत बघितला, आणि मला म्हणाली, "बघ, बाई म्हणाली होती ना, एक कूस जास्तीची पाहिजे." तेव्हापासून मला तुम्हाला काहीतरी लिहायचंच होतं.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगतो. बाळंतविडा आजोळहून जातो. झबली, टोपडी, लंगोट, कुंची सगळं विकत मिळतं, पण गोधडी आईच्या जुन्या साडीची पाहिजे हा आईचा हट्ट. नव्या कापडाला खळ असते, ते बाळाला टोचतं, आणि धुवून धुवून मऊसूत झालेल्या सुती साडीसारखं दुसरं काही नाही हे तिचं म्हणणं. आता आईच्या हाताला कंप आहे, सुई धरवत नाही तिला. पूर्वी अख्ख्या गल्लीच्या गोधड्या तिनं शिवल्यात, त्यामुळे ते तिला जास्तच लागलेलं. मग हे काम माझ्याकडे आलं, मामा होणार म्हणून मी पण उड्या मारतच घेतलं.

पहिल्यांदा ऑनलाइन एक पेज सापडलं, छान फोटो, बांबूच्या टोपलीत गुंडाळलेल्या रजया, "तुमच्या आठवणींची ऊब" वगैरे. नाव लिहीत नाही, लायकी नाही. त्यांनी विचारलं काय, तर "क्रिब साइज हवी की टॉडलर साइज?" बस्स, पिझ्झा विचारल्यासारखं. मी म्हटलं बाळ अजून व्हायचंय, तुम्हीच सांगा काय बरं पडेल, तर म्हणे सगळे क्रिबच घेतात. ताईच्या तिकडच्या बाळाच्या पलंगाची गादी 70 बाय 140 सेंटिमीटर, तेवढीच त्यांनी केली, बरोब्बर, पट्टीनं मोजून. आत पॉलिस्टरचा जाडजूड थर. आणि आईच्या साडीचा जरीचा पदर कापून लावला कुठं, तर मधोमध, जिथं बाळाचा गाल येणार तिथं! आईनं जरीवरून हात फिरवला आणि काही बोललीच नाही, नुसती घडी करून बाजूला ठेवली.

त्यातून खरा घोळ वेगळाच निघाला. जर्मनीत हेबामे म्हणून असते, म्हणजे आपल्याकडच्या सुईणीसारखी पण शिकलेली, सरकारी नियमातली, इन्शुरन्समधून घरी येते. ती ताईला म्हणाली की वर्षभर बाळाच्या पलंगात सुटं काहीच नको, गोधडी नको, उशी नको, तोंडावर आलं तर बाळाला श्वास घेता येत नाही. तिकडं बाळाला झोपताना बिनबाह्यांची पिशवी घालतात, त्यातच ते झोपतं. म्हणजे पलंगाच्या मापाची गोधडी करून उपयोग काय? पलंगातच घालायची नाही! त्या पेजवाल्यांना सांगितलं तर उत्तर आलं, "साइज तुम्हीच सिलेक्ट केली होती सर." वर एक हात जोडलेला इमोजी. त्या इमोजीचा राग माझा अजून गेलेला नाही.

नंतर दोन-तीन लेडीज टेलरकडे गेलो, कुणाला एवढ्याशा कामात परवडत नव्हतं, ते मी समजू शकतो. एकानं तर माप न विचारताच साडी हातात घेऊन घडी मोडायला सुरुवात केली, ती ओढून परत घेतली. नातेवाईकांचं वेगळंच चालू. काकू म्हणते हातभर पुरे, तान्ह्या बाळाला काय करायचीय एवढी मोठी. आत्या म्हणते सिंगल बेडची करा, शाळेत जाईपर्यंत वापरेल. आणि आई जर्मनीला जाणार, तिची बॅग 23 किलोची, त्यात मेतकूट, डिंकाचे लाडू, हळीव आधीच बसलेले.

अशा वेळी कराडला तुमच्या दारात आलो. खरं सांगू का मावशी, तोपर्यंत माझं डोकं इतकं तापलेलं होतं की मी आल्या आल्या म्हटलं, कुठल्याही मापाची करा पण साडी नीट वापरा. तुम्ही साडी हातात पण घेतली नाही. म्हणालात, "बाळ निजनार कुटं, ते सांगा की आधी."

एवढा साधा प्रश्न! तोपर्यंत एकाही माणसानं विचारला नव्हता.

मग मी सगळं सांगितलं, पलंगाचं, पिशवीचं, हेबामेचं. मला वाटलं तुम्ही म्हणाल, ही काय थेरं, आमची पोरं काय गोधडीत वाढली नाहीत का. तसं काही म्हणाला नाहीत. म्हणालात, "बरुबर हाय तिचं. मग ही निजायची न्हाई, खेळायची करू. खाली हातरायची." आणि आत जाऊन रद्दीतले पेपर घेऊन आलात. चार पानं एकाला एक लावली आणि सुईदोऱ्यानं, मोठे मोठे टाके घालून, कागदाला! जोडलीत. चिकटपट्टी पण नाही, सुईच. जमिनीवर पसरलीत, मधे उशी ठेवलीत बाळ म्हणून, ती उशी एका कुशीवर वळवली, पालथी केली, कागदाच्या बाहेर गेली. मग अजून एक पट्टी जोडलीत, परत उशी लोळवली. आता आत राहिली. "ह्ये घ्या," म्हणालात, "घरी न्या, आईला दावा, लेकीला फोटू धाडा. समद्यांचं हू म्हणलं की मगच कात्री लावीन. साडी एकदाच कापता येती."

मी ती कागदाची गोधडी बसमधून मांडीवर धरून घेऊन आलो, लोक बघत होते. घरी आईनं त्यावरनं हात फिरवला, टाके बघितले आणि म्हणाली, हिला काम येतं. ताईनं तिकडं तिच्या खोलीत तेवढ्याच मापाचा कागद अंथरून बघितला, सोफा आणि भिंतीच्या मधे नीट बसला. कापायच्या आधी आम्हाला कुणीतरी माप डोळ्यांनी बघू दिलं ना, ते मावशी, माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. गोधडी तुम्ही सुंदरच शिवलीत, त्यात वादच नाही, पण रडू मला त्या पेपरवरच्या टाक्यांनी आलं, आता सांगायला काही लाज नाही.

बाळांच्या गोधडीचं माप शोधत कुणी हे वाचत असेल तर मावशींनी सांगितलेलं लिहून ठेवतो, त्यांना पण आवडेल. बाळ जन्मतं साधारण 50 सेंटिमीटरचं आणि वर्षात 75 च्या आसपास जातं, त्यामुळे खाली अंथरायची असेल तर चौकोनी आणि चारही बाजूंनी लोळायला जागा ठेवून करा. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंच असतो, तेवढा अख्खा घेतला तर काठ कापावा लागत नाही आणि दोन बाजूंना आपोआप किनार मिळते. पण शिवताना कापड आत ओढलं जातं, दाट टाके असतील तर जास्तच, म्हणून तयार गोधडी तेवढी भरत नाही, आमची 42 च्या आसपास आली. टाके बारीक, कारण लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात. जरीकाम, टिकली, बटण काही नको. आणि आत कापूस किंवा जाड थर भरू नका, जुन्या साडीचेच तीन थर पुष्कळ, वजनाला अर्ध्या किलोच्या आत, पावसाळ्यात पण लवकर वाळते. गुंडाळायलाच हवं असेल तर ती गोष्ट वेगळी, त्याला पातळ दुपटं, मीटरभर चौकोनी. दोन्ही कामं एकाच गोधडीत करायला गेलात की दोन्ही बिघडतात, हे मावशींचं.

मला अलीकडे वाटायला लागलंय की चांगली माणसं ओळखायची खूण हीच असावी. ती कापायच्या आधी विचारतात. आमच्या इथं एक नळवाला आहे, तो नळ बदलायला सांगितला तरी आधी उघडून बघतो आणि म्हणतो, नळ बरा आहे, दहा रुपयाचा वायसर टाका. स्वतःचा धंदा कमी करून घेतो बिचारा. अशा माणसांचे फोटो बांबूच्या टोपलीत कुणी काढत नाही, त्यांना जाहिरात जमत नाही, आणि आपण मेले फोटो बघून ऑर्डर देतो.

तर मावशी, पैशांचं बोलायचं राहिलं. तुम्ही उरलेले तुकडे घडी करून परत दिलेत, चिंध्यासुद्धा, आणि कागदाच्या कामाचे काही घेतले नाहीत. नातीच्या नंबरवर मी थोडे पाठवलेत, ते गुपचूप ठेवून घ्या, परत पाठवलेत तर मी पुन्हा पाठवीन, मला पण दुसरा उद्योग नाही. आणि आमच्या शेजारच्या वहिनींना पण एक करून हवीये, पुढच्या महिन्यात त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. नंबर देऊ का तेवढं कळवा. बाई चांगली आहे पण घासाघीस फार करते, तेव्हा भाव आधीच सांगून टाका आणि कमी करू नका.

तुमचा,
कागद मांडीवर घेऊन गेलेला मामा